तरंगण्याची चाचणी

कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव सुरू झाला आणि त्यात सगळ्यात आधी बुडाली ती निरीक्षकांच्या घरातली शांतता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, मापं मोजायची, खोट सापडली की भुवई वर करायची, असं त्यांचं काम. कॉलनीतही त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. बायकोसुद्धा म्हणे, पण फक्त चिडली की. तलावाला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. खिडकीतून तो छानच दिसायचा. पण पाण्याविषयी त्यांचं मत लहानपणापासून पक्कं होतं. पाणी पेल्यात असावं, बादलीत असावं, फार तर नळातून यावं. माणसाने मात्र त्याच्या बाहेर असावं.

बायकोचं मत वेगळं होतं. ती लग्नाआधी शर्यतींत पोहायची. तलावाचं सभासदत्व घेऊन आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "रविवारपासून चौघांनी जायचं. थोरलीला मी बघते, धाकट्याला तुम्ही."

थोरली सहा वर्षांची आणि धाकटा साडेतीनचा. थोरलीने ताबडतोब पलंगावरून उडी मारून दाखवली. धाकट्याने विचारलं, "तिथे मग आहे का?" त्याला पाणी ओतायला मग लागे.

"अगं, घाई करून चालणार नाही," निरीक्षक म्हणाले. "धाकट्याला तरंगण्यासाठी काहीतरी साधन लागेल. ते नीट पारखून घ्यायला हवं."

या 'घाई करून चालणार नाही'ने खात्यातली भली भली प्रकरणं थंड झाली होती. पण बायको खात्यात नव्हती. "मग पारखा," ती म्हणाली. "रविवार अजून लांब आहे."

तेव्हा निरीक्षकांनी मनाशी जो हिशेब केला तो इथेच सांगून टाकलेला बरा. साधन जर खरोखर उत्तम मिळालं, तर पोरगं आपलं आपण तरंगेल आणि बापाला काठावर खुर्ची टाकून देखरेख करता येईल. म्हणून साधन उत्तमच हवं होतं. चांगलं चालणार नव्हतं.

ते बाजारातल्या खेळाच्या दुकानात गेले. दुकानदाराने टेबलावर एकेक वस्तू मांडली. दंडाला घालायचे फुगे. कमरेचं चाक, पुढे बदकाची मान असलेलं. आत बसायचं चाक, पायांना दोन भोकं असलेलं. पाठीला बांधायचा फोमचा गठ्ठा, ज्याला दुकानदार 'कासव' म्हणत होता. आणि जॅकेट, पुढे चेन, दोन पट्टे आणि पायांमधून घ्यायचा तिसरा पट्टा.

निरीक्षकांनी चष्मा पुसला आणि प्रत्येकावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. फुग्यांवर लिहिलं होतं: 'मोठ्या माणसाच्या सतत देखरेखीखाली वापरावे.' बदकावर तेच. कासवावर तेच. जॅकेटवर तर ठळक अक्षरांत तेच.

"सगळ्यांवर एकच मजकूर कसा?" निरीक्षकांनी भुवई वर केली.

"खरं आहे म्हणून," दुकानदार म्हणाला.

"मग मोठं माणूस जवळ नसलं तरी चालेल असं काही?"

दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "अशी बोट असते साहेब. पण तिच्यावरही कप्तान लागतो."

निरीक्षकांनी पाचही वस्तू घेतल्या. चार परत करणार होते. न वापरलेल्या आणि कोरड्या असल्या तर परत घेऊ, अशी दुकानाची पाटी होती. तरंगण्याची वस्तू कोरडी ठेवून कशी तपासायची हा प्रश्न त्यांना घरी पोचल्यावर पडला.

बाहेरून दिसणाऱ्या उघड्या जिन्यात वरच्या मजल्यावरचे बोटवाले काका भेटले. काकांची उभी हयात जहाजावर गेली होती, त्यामुळे समुद्रापासून मोरीपर्यंत पाण्याच्या कुठल्याही विषयात त्यांचा शब्द शेवटचा समजला जाई. निरीक्षकांच्या काखेतलं बदक बघून ते खो खो हसले.

"हे असले लाड कशाला? पोराला उचलायचं आणि द्यायचं टाकून पाण्यात. आपोआप हातपाय मारतं."

"तुम्ही असेच शिकलात का काका?"

"मी? छे. मला कुठे पोहता येतं? मी हिशेब बघायचो जहाजावर." आणि ते वर निघून गेले.

समोरच्या इमारतीतल्या काकूंनी गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. त्यांचं दोन इमारतींमधून बोलणं चाले आणि त्यासाठी त्यांना कधी फोनची गरज पडली नाही. "दंडाचे फुगे अज्जिबात घेऊ नका हो!" त्या ओरडल्या. "आमच्या नातवाचा एक फुगा निसटला. बिचारा एक हात वर करून तरंगत होता, वर्गात उत्तर येत असल्यासारखा! आणि ते चाक तर मेलं उलटं होतं. पाय वर, डोकं खाली!"

खाली भाजीवाल्यापाशी उभ्या असलेल्या दोन बायका वर बघायला लागल्या. निरीक्षकांनी बदक पाठीमागे लपवलं. बदक मोठं होतं. ते दोन्ही बाजूंनी दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते तलावाच्या खिडकीवर गेले. आत कारकून बसला होता. निरीक्षकांना कारकुनांशी बोलायला आवडे. दोन्ही बाजूंना नियम माहीत असले की संभाषणाला एक शिस्त येते.

"लहान मुलांना फुगवायच्या वस्तू घालून पाण्यात सोडत नाही," कारकून म्हणाला. "जॅकेट चालेल. पण ते बाईंनी पास केलेलं पाहिजे." बाई म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या.

"मग बाईंना दाखवतो."

"बाई पाण्यातच बघतात. मुलाला घालून."

"ठीक. मग मुलाला घेऊन पाण्यात..."

"जॅकेट पास झाल्याशिवाय मुलाला पाण्यात नेता येत नाही."

असा नियम त्यांच्या स्वतःच्या खात्यातही नव्हता. मनातून त्यांना जरा हेवाच वाटला. म्हणजे आता चाचणी घरीच करणं भाग होतं.

घरी त्यांनी धाकट्याचं वजन केलं, आणि तेवढ्या वजनाचा एक नमुना बनवला. शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली वाळू जुन्या उशीच्या अभ्र्यात भरली, अभ्रा धाकट्याच्या कपड्यांत कोंबला, त्यावर जॅकेट चढवलं आणि न्हाणीघरातल्या मोठ्या टबात सोडला. नमुना जॅकेटसकट तळाला गेला. पुन्हा सोडला. पुन्हा तळाला. निरीक्षकांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"फसवणूक!" ते बाहेर येऊन म्हणाले. "शुद्ध फसवणूक आहे! या दुकानदाराला मी सोडणार नाही. वजन तंतोतंत धाकट्याएवढं आहे आणि हे थेट बुडतंय!"

बायको दारात येऊन टबात डोकावली. टबाच्या तळाशी तिच्या मुलाचा पिवळा सदरा वाळू गाळत पडला होता. "अहो," ती म्हणाली, "आपला मुलगा वाळूचा नाहीये."

हे निरीक्षकांना लागलं. माणसाचं शरीर तेवढ्याच आकाराच्या पाण्याइतकंच जवळजवळ भरतं, हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. एका निरीक्षकाला ते न्हाणीघरात बायकोने सांगावं याचं दुःख वेगळंच असतं. संध्याकाळी मात्र ते शेजारीपाजारी फिरून शेकायच्या रबरी पिशव्या मागून आणू लागले. पाठ कुणाची दुखते असं प्रत्येकाने विचारलं. "कुणाचीच नाही, मुलगा बनवायचाय," असं त्यांनी एका घरी खरंखरं सांगितलं आणि तिथून ते घाईने निघाले.

दुसरा नमुना देखणा झाला. पाण्याने भरलेल्या पिशव्यांचं अंग आणि हात, त्यावर पिवळा सदरा आणि चड्डी, पायांच्या जागी पाणी भरलेल्या बाटल्या घातलेले मोजे, आणि डोक्याच्या जागी अर्धा पाण्याने भरलेला रबरी चेंडू. थोरलीने चेंडूवर डोळे, नाक आणि कानापर्यंत पोचणारं हसू काढलं.

"बाबा, याचं नाव काय?"

"याला नाव नाही. हे साधन आहे."

"साधन जेवणार का?" धाकट्याने विचारलं. जेवायच्या वेळी त्याने साधनाला आपल्या शेजारी बसवायला लावलं. आमटीचा पहिला घास साधनाला मिळाला. सदरा पुन्हा धुवावा लागला.

हा नमुना टबात मावेना. म्हणून शनिवारी सकाळी निरीक्षक पाचही वस्तू आणि नमुना घेऊन गच्चीवर गेले आणि वापरायच्या पाण्याच्या सिमेंटच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी मोठी होती. पाणी काळं दिसत होतं. निरीक्षक काठापासून हातभर मागे गुडघे टेकून बसले आणि लांब हात करून काम करू लागले.

काम त्यांनी चोख केलं हे मान्य करायला हवं. दंडाचे फुगे घातले, नमुन्याला वर खेचलं. फुगे निसटून दोन दिशांना गेले. चाक घातलं, नमुना पुढे वाकवला. बदक खुशाल तरंगत राहिलं आणि मोजे आकाशाकडे झाले. बसायच्या चाकात तर तो उलटा होऊन अडकूनच बसला. निरीक्षकांनी त्याला घाईघाईने सोडवलं, कारण सदरा धाकट्याचा होता. कासवाने पाठ वर धरली आणि तोंड पाण्यात घातलं. शेवटी जॅकेट. निरीक्षकांनी तिन्ही पट्टे आवळले, चेन लावली, नमुन्याचं डोकं धरून पाण्याखाली दाबलं आणि सोडलं. नमुना वर आला, हळूच वळला आणि तोंड वर करून हसत राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा वर, पुन्हा हसतमुख. निरीक्षकांना इतका आनंद झाला की ते पुन्हा पुन्हा दाबू लागले.

समोरच्या काकू त्याच वेळी कपडे वाळत घालायला आपल्या गच्चीवर आल्या.

त्यांनी काय पाहिलं याचा आपण न्यायाने विचार केला पाहिजे. एक सभ्य गृहस्थ पिवळ्या सदऱ्यातल्या लहान मुलाचं डोकं टाकीत दाबत होते आणि दर खेपेला समाधानाने मान हलवत होते.

काकूंची ती किंकाळी पुढे बरेच दिवस कॉलनीत वाखाणली गेली. निरीक्षक दचकले. त्यांच्या हातात नमुन्याचं डोकं होतं, ते हातातच राहिलं. धड जॅकेटमधून सटकलं, पिशव्या सुटल्या, एका मोज्यातली बाटली निसटली आणि तो मोजा गटांगळ्या खात खाली गेला. जिन्यातून धावत सगळी इमारत वर आली. सगळ्यांत पुढे इमारतीचे सेक्रेटरी होते, अर्ध्या गालाला दाढीचा साबण लावलेले.

"काय चाललंय? हातात काय आहे तुमच्या?"

निरीक्षकांनी हाताकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "डोकं," ते म्हणाले.

खुलासा व्हायला बराच वेळ गेला. काकूंना दोन्ही मुलं गॅलरीत उभी करून, जिवंत आणि पूर्ण, दाखवावी लागली. तरी त्या म्हणत राहिल्या, "मग ते तिसरं कोण होतं?"

एवढ्यावर भागलं असतं. पण सेक्रेटरी उरलेली दाढी धुवायला घरी गेले आणि लगेच परत आले. नळाला पाणी नव्हतं. कुणाच्याच नळाला नव्हतं. तळाला गेलेला मोजा टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात जाऊन बसला होता.

"तुम्ही घातलात, तुम्ही काढा," सेक्रेटरी म्हणाले. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पाणी छातीएवढंच होतं. आत लोखंडी शिडी होती. निरीक्षकांनी शिडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. "प्लंबरला बोलावू," ते म्हणाले. "नियमाने ते प्लंबरचं काम आहे."

बायकोने ओढणी कमरेला घट्ट बांधली, शिडीवरून सरसर उतरली, एकदा बुडी मारली आणि मोजा काढला. खालून वर बघून ती एवढंच म्हणाली, "वर देखरेखीला कोणीतरी हवंच होतं, नाही?" आवाजात टोचणी नव्हती. म्हणून ते जास्त टोचलं.

रविवार उजाडला. तलावावर बाईंनी कारकुनाचा नियम बाजूला ठेवून धाकट्याचं जॅकेट काठावरच तपासलं. खांद्यांना धरून त्याला उचललं, पट्ट्यांखाली बोट घालून पाहिलं. "छान निवडलंय," त्या म्हणाल्या. "मापही बरोबर आहे. लोक मोठं घेतात, पुढल्या वर्षी चालेल म्हणून." त्या सबंध आठवड्यात निरीक्षकांना मिळालेली ही पहिली शाबासकी. ते आता खुर्ची शोधू लागले.

"हं, उतरा," बाई म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? लहान मुलाबरोबर मोठं माणूस पाण्यात. हात लांब केला की हाताला लागेल इतकं जवळ."

"पण जॅकेट अत्यंत विश्वसनीय आहे. मी स्वतः चाचणी..."

"ऐकलंय मी चाचणीचं," बाई म्हणाल्या. सगळ्या कॉलनीने ऐकलं होतं.

बायको आणि थोरली पलीकडच्या टोकाला होत्या. निरीक्षक पायऱ्यांवरून उतरले. घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. तिथे ते कठडा धरून थांबले. डोक्यावरची रबरी टोपी इतकी घट्ट होती की भुवया आपोआप वर गेल्या होत्या. धाकटा त्यांच्या शेजारी त्याच पायरीवर उभा राहून घरून आणलेल्या मगाने तलावाचं पाणी तलावात ओतत होता. त्याचं अगदी छान चाललं होतं.

मग त्याचा पाय घसरला. पडताना आवाजसुद्धा झाला नाही. जॅकेटने आपलं काम चोख केलं. धाकटा वर आला, हळूच वळला आणि तोंड आकाशाकडे करून तरंगू लागला. रडला नाही. फक्त तो हळूहळू लांब जाऊ लागला. आधी वीतभर, मग हातभर. निरीक्षकांनी हात लांब केला. बोटांना पाणी लागलं, मुलगा लागला नाही.

"बाबा," धाकटा आकाशाकडे बघत म्हणाला, "मी जातोय."

त्यानंतरचं निरीक्षकांना नीटसं सांगता येत नाही. कठडा कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, थंड होतं, कानात स्वतःच्याच श्वासाचा आवाज होता. त्यांनी पायाने फरशी चाचपली आणि एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा त्यांच्या मुठीत जॅकेटचा पट्टा आला होता.

धाकट्याने मान वळवली. बापाचं डोकं इतक्या जवळ, पाण्याला टेकलेलं बघून त्याचा चेहरा फुलला. "बाबा, तू पण आलास!"

"आलो," निरीक्षक म्हणाले. त्यांना यापुढे काही बोलायचं नव्हतं, कारण तोंड उघडलं की पाणी आत येत होतं. मागे फिरायचं कसं हेही त्यांना माहीत नव्हतं. ते तिथेच चवड्यांवर उभे राहिले, मुलाला उंच धरून.

काठावरून बाईंनी लांब काठी पुढे केली. "मुलगा ठीक आहे. तुम्ही धरा."

"मी उभा आहे," निरीक्षक शक्य तितक्या रुबाबात म्हणाले, आणि त्याच वाक्यात त्यांनी काठी धरली.

ते पायऱ्यांवर येऊन बसले तेव्हा बायको पलीकडच्या टोकाहून पोहत आली होती. त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "मोठ्यांचा वर्ग असतो इथे. अगदी पहिल्यापासून शिकवतात."

"घाई करून..." निरीक्षकांनी सुरुवात केली, धाकट्याकडे पाहिलं, आणि वाक्य तसंच सोडलं.

आता ते मोठ्यांच्या वर्गात जातात. फोमची फळी हातात धरून, उथळ टोकाला, कठड्याच्या अगदी कडेने. धाकटा तेवढा वेळ आईशेजारी बाकावर बसतो. जॅकेट घालूनच, ते काढायला तो तयार नसतो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो बोट करून सांगतो, "ते माझे बाबा."

"कुठले रे?"

"ते बघा ना. ते पाय आपटतायत आणि पुढे जात नाहीयेत, ते."

निरीक्षकांना ते स्पष्ट ऐकू येतं. पण तोंडात पाणी असल्यामुळे खुलासा करता येत नाही.